एमआरआय नॉर्मल आहे, तरी डोकं दुखतं: साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक पेशंट आणि तुमचा प्रश्न

प्रश्न असा आलाय: "वय ३४, शाळेत शिक्षिका आहे. अकरा वर्षं डोकं दुखतंय, महिन्यातून पाच-सहा वेळा, अर्धी बाजू, उलटी झाली की जरा बरं वाटतं. तीन डॉक्टर झाले, एमआरआय नॉर्मल. घरचे म्हणतात मनावर घेतेस. परवा कुठेतरी वाचलं की इंग्लंडमध्ये १७व्या शतकात अ‍ॅन कॉनवे नावाच्या बाईंचं जन्मभर असंच डोकं दुखायचं. तेव्हा तर मशिनंही नव्हती, मग अशा माणसांनी दाखवायचं कुणाला? आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायचं का?"

ताई, प्रश्न दोनदा वाचला. विचारलंय इतिहासाबद्दल, पण मला वाटतं शेवटची ओळ तुम्ही स्वतःबद्दल लिहिलीय. मशिनीत काही दिसत नाही तर माझं दुखणं खरं आहे हे मी कुणाला कसं पटवू, असंच ना? मी २४ वर्षं सोलापुरात न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करते, डोकेदुखीचे पेशंट रोज असतात, आणि कितीतरी जणी खुर्चीत बसता बसता फाईल पुढे सरकवतात आणि खालच्या आवाजात म्हणतात "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत मॅडम", आपलीच काहीतरी चूक झाल्यासारखं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, इतिहासही आणि तुमचंही.

आधी एक सांगते, तुम्हाला न तपासता मी निदान करू शकत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून अर्धशिशी म्हणजे मायग्रेन वाटतं, पण पक्कं करायला अजून बरंच विचारावं लागेल, आणि औषध कुठलं चालेल ते तुम्हाला दमा आहे का, बीपी किती, पुढे मूल हवंय का यावर ठरतं. तेव्हा खालचं सगळं तुमच्या डॉक्टरशी बोलायची तयारी म्हणून वाचा.

आता अ‍ॅन कॉनवे. जन्म डिसेंबर १६३१, लंडन. वडील जन्माच्या आठवडाभर आधीच वारलेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास ताप आला आणि त्यानंतर डोकं दुखायला लागलं ते १६७९ मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी मरेपर्यंत. सुरुवातीला मध्ये मध्ये दुखायचं, पुढे जवळजवळ कायम. श्रीमंत घर, सावत्र भावाचं लग्न विल्यम हार्वीच्या पुतणीशी झालेलं, हार्वी म्हणजे शरीरात रक्त फिरतं कसं हे दाखवून देणारा डॉक्टर, आणि तो हिला तपासायचा. म्हणजे त्या काळात युरोपात जे उत्तम होतं ते हिच्या दारात येत होतं.

आणि तरी काय काय झालं बघा. रक्त काढणं, औषधी झऱ्यांचं पाणी, हवापालट, पारा. पाऱ्याने तोंडातून लाळ वाहायला लागायची आणि लाळेबरोबर रोग निघतो असं तेव्हा समजायचे, आज आपण त्याला सरळ विषबाधा म्हणू. १६५६ मध्ये ती पॅरिसला गेली ती कवटीला भोक पाडून घ्यायच्या तयारीने, भूल नसलेल्या काळात, वय २४. तिथल्या सर्जननी कवटी उघडली नाही, त्याऐवजी मानेतल्या रक्तवाहिन्या उघडून रक्त काढलं. हे वाचताना मी दरवेळी थांबते, कारण एखादी बाई स्वतःहून समुद्र ओलांडून कवटी उघडून घ्यायला जाते तेव्हा तिला किती दुखत असेल हे मोजायला दुसरं कुठलं मशिन लागत नाही.

१६६६ च्या जानेवारीत आयर्लंडहून व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स आला, हा डॉक्टर नव्हता, हात फिरवून रोग घालवतो अशी त्याची ख्याती होती. तीनेक आठवडे कॉनवे कुटुंबाच्या वॉरिकशायरमधल्या वाड्यावर राहिला, आसपासच्या गावांतून माणसं लोटली, कितीतरी जणांना गुण आल्याचं लोकांनी लिहून ठेवलंय, आणि जिच्यासाठी बोलावलं तिला मात्र काहीच फरक पडला नाही. हे मी त्याला नावं ठेवायला सांगत नाहीये. जुनाट दुखण्याचा माणूस सगळीकडे जातो, माझे पेशंटही मांत्रिक, जडीबुटी, नाकात थेंब, कानात तेल, सगळं करून आलेले असतात आणि मी त्यांना कधी रागवत नाही, फक्त काय काय घेतलं ते सगळं सांगा म्हणते, कारण त्यातल्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा जड धातू असू शकतात आणि ते मला माहीत असायला हवं.

तुम्ही विचारलंत विश्वास कुणी ठेवायचं का. तिच्यावर ठेवला, आणि माझ्या मते सगळ्यात नीट ठेवला तो थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने. न्यूरॉलॉजी हा शब्द १६६४ मध्ये त्यानेच आणला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं त्याला आम्ही आजही सर्कल ऑफ विलिस म्हणतो, एमबीबीएसच्या मुलांना ते काढायला लावतात, आणि त्याच्या पुस्तकातली मेंदूची चित्रं काढायला होता ख्रिस्तोफर रेन, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल बांधलं. तर या विलिसने १६७२ च्या पुस्तकात नाव न घेता एका उमरावघरच्या बाईची हकीकत लिहिलीय आणि ती कॉनवेचीच मानतात. त्यात काय आहे? दुखणं कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, कधी सगळं डोकं. एकदा सुरू झालं की एक दिवस-रात्र तरी, बरेचदा दोन, तीन, चार दिवस. उजेड नको, आवाज नको, बोलणं नको, हालचाल नको, अंधाऱ्या खोलीत पलंगावर नुसती बसून, झोप नाही, जेवण नाही. शेवटी गाढ पण अस्वस्थ अशी झोप लागायची आणि उठल्यावर बरं वाटायचं. हवा बदलली, ऋतू बदलला, मनस्ताप झाला, खाण्यात काही चुकलं की पुन्हा सुरू.

आता आज आम्ही मायग्रेन कसं ओळखतो ते सांगते. औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास दुखणं, बहुतेक एका बाजूला, ठणके, हालचालीने वाढणं, मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज सहन न होणं. ही यादी आणि विलिसचा परिच्छेद शेजारी ठेवा. त्याच्याकडे एमआरआय नव्हता आणि या यादीत आजही एमआरआय नाही! मायग्रेनमध्ये स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच असतो, स्कॅन करतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ "गाठ नाही" इतकाच आहे, "दुखत नाही" असा नाही, आणि हे वाक्य तुम्हाला तीनपैकी एकाही डॉक्टरने सांगितलं नसेल तर मला खरंच वाईट वाटतं, कारण सांगायला अर्धा मिनिट लागतो.

विलिसने अजून एक गोष्ट टिपलीय जी मला फार आवडते. त्याच्या दुसऱ्या एका डोकेदुखीच्या पेशंटला दुखण्याच्या आदल्या दिवशी प्रचंड भूक लागायची, ती भूक लागली की तिला कळायचं उद्या डोकं दुखणार. आज आम्ही याला प्रोड्रोम म्हणतो, कुणाला जांभया येतात, कुणाला गोड खावंसं वाटतं, कुणाची चिडचिड होते. हे त्याला मशिनीने सांगितलं नाही, पेशंटने सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं.

पण विलिसला सगळं कळलं, पटलं, आणि तरी तो तिला बरं करू शकला नाही, कुठल्याच औषधाने फरक पडला नाही असं त्याने लिहिलंय. म्हणजे विश्वास होता, औषध नव्हतं. आज अगदी उलट आहे, औषधं आहेत आणि ऐकून घ्यायला वेळ नाही. १९१८ मध्ये एर्गोटामाइन हे अर्धशिशीवर वापरलं गेलेलं औषध वेगळं काढलं, १९६० च्या दशकात हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांची अर्धशिशी कमी होते हे योगायोगाने लक्षात आलं, १९९१ मध्ये अटॅक थांबवणारं सुमाट्रिप्टान आलं, २०१८ पासून खास मायग्रेनसाठी बनवलेली इंजेक्शनं आली. हे कॉनवेला मिळालं असतं तर, असं माझ्या मनात येतं. तिला मिळालं नाही, तुम्हाला मिळू शकतं, पण त्यासाठी समोरच्या डॉक्टरला पाच-सात मिनिटांत तुमचं दुखणं कळलं पाहिजे. आणि इथे मला जुन्या लोकांकडून खरंच शिकण्यासारखं वाटतं.

तेव्हा कितीतरी लोक डॉक्टरला न भेटता पत्राने सल्ला घ्यायचे. एडिनबर्गचा डॉक्टर विल्यम कलेन, मज्जासंस्थेच्या आजारांसाठी न्यूरोसिस हा शब्द १७६९ मध्ये आणणारा, त्याच्याशी झालेला असा हजारो पत्रांचा व्यवहार तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अजून जपून ठेवलाय. १७८१ पासून तर तो जेम्स वॅटच्या कॉपी करायच्या मशिनीवर आपल्या उत्तरांच्या नकला काढून ठेवायचा. पेशंट दिसणार नाही, नाडी हाताला लागणार नाही, म्हणजे जे काय आहे ते कागदावर आलं पाहिजे. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टिसो नावाच्या डॉक्टरने तर १७६१ मध्येच पत्र लिहिणाऱ्यांनी कुठल्या प्रश्नांची उत्तरं द्यायलाच हवीत याची यादी छापली होती.

असं एक पत्र मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना दरवर्षी वाचून दाखवते. लिहिणारा २२ वर्षांचा डेव्हिड ह्यूम, पुढे मोठा तत्त्वज्ञ झाला तो, पण १७३४ मध्ये त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि त्याने पत्रात स्वतःचं नावही घातलं नाही. त्याला अर्धशिशी नव्हती, त्याचा आजार वेगळा, १७२९ पासून अभ्यासातली सगळी उमेदच गेलेली, मग बोटांवर डाग, मग अचानक राक्षसी भूक आणि वजन वाढणं. आधी ज्या डॉक्टरला दाखवलं तो हसला आणि म्हणाला आता तूही आमच्यातला झालास, तुला विद्वानांचा रोग झालाय. उपचार काय, तर कडू काढे, हिस्टेरियावरच्या गोळ्या, रोज साधारण अर्धा लिटर रेड वाईन आणि आठ-दहा मैल घोड्यावरून रपेट.

पण त्याने लिहिलंय कसं ते बघा. कधी सुरू झालं ते महिन्यासकट. आधी काय, नंतर काय, क्रमाने. काय काय घेतलं आणि कशाने थोडाफार फरक पडला. काय नाही तेही, म्हणजे मला उदासी नाही हे स्पष्ट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या आजारामुळे नेमकं काय करता येत नाही: एक विचार सलग धरून पुढे नेता येत नाही, मध्ये मध्ये थांबून नजर दुसरीकडे फिरवावी लागते आणि असं तुटक तुटक काम करून पुस्तक लिहून होत नाही. शेवटी सरळ प्रश्न, तुम्ही असा दुसरा कुणी पाहिलाय का, मी बरा होईन का, किती वाट बघावी लागेल, पूर्ण बरा होईन का. माझ्या ओपीडीतही शेवटी हेच विचारलं जातं, फक्त बरेचदा दाराशी गेल्यावर, मागे वळून, तोपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो.

म्हणून मी पेशंटला सांगते की येताना एक कागद लिहून आणा. माझी एक पेशंट आहे, शेतात काम करणारी, लिहिता येत नव्हतं, मी म्हटलं दुखेल त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा. दोन महिन्यांनी ती भिंतीवरच्या कालनिर्णयची पानंच फाडून घेऊन आली, मागे दुधाचा हिशोब आणि पुढे फुल्या. बघितलं तर फुल्या संकष्टी आणि एकादशीला, आणि पाळीच्या आधीच्या दोन दिवसांत. चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, पाणीसुद्धा कमी, आणि उन्हात काम. तिला सहा वर्षं पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, तो मला अधिकार नाही, पण दर दोन-तीन तासांनी थोडं दूध, शेंगदाणा, राजगिरा पोटात जाऊ दे म्हटलं, पाणी वाढवलं, रोजची एक गोळी सुरू केली, फुल्या हळूहळू कमी झाल्या.

हे पित्ताचं जरा बोलायलाच हवं. आपल्याकडे मळमळ आणि उलटी आली की पित्त झालं म्हणतात आणि उलटी झाल्यावर बरं वाटलं की ते पक्कंच होतं. इंग्लंडातही १८व्या शतकात याच दुखण्याला बिलियस हेडेक म्हणायचे, म्हणजे पित्ताची डोकेदुखी, आणि दोष पोटाला द्यायचे. प्रत्यक्षात उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे, अटॅक मेंदूत सुरू होतो आणि पोट त्याच्या मागे जातं. आपल्या जुन्या वैद्यांनी अर्धावभेदक (अर्धशिशीचं जुनं नाव) हा डोक्याच्याच रोगांत धरलाय आणि अर्धशिशी हा शब्दही डोक्याबद्दलच बोलतो, तरी रोजच्या बोलण्यात पित्त बसलं ते बसलंच. तुम्ही "उलटी झाली की बरं वाटतं" लिहिलंय म्हणून विचारते, तुम्हालाही वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी चालू आहे का?

दुसरं, महिन्यातून किती दिवस वेदनाशामक गोळी घेता ते मोजा, अगदी प्रामाणिकपणे, मेडिकलवाल्याकडून आणलेल्याही. साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानसारख्या अटॅकच्या गोळ्या) आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. पाच-सहा अटॅक असतील आणि प्रत्येक दोन दिवस चालत असेल तर तुम्ही या रेषेच्या जवळ असू शकता. अशा वेळी अटॅकची गोळी वेगळी आणि अटॅक येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी वेगळी, या दोन्हीबद्दल डॉक्टरला विचारा. रोजच्या गोळीला दोन-तीन महिने द्यावे लागतात, पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, मूल व्हायचं असेल तर व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही रोज घ्यायची औषधं नको, आणि दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा येत असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेण्याआधी हे डॉक्टरला सांगाच, कारण त्यात स्ट्रोकचा धोका वाढतो.

आणि हे कागद-बिगद बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठायचं कधी: एका क्षणात आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं सुरू झालं, डोकेदुखीबरोबर ताप आणि मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलता येईना, शुद्ध हरपली, किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखतंय. गरोदरपणात नव्याने दुखायला लागलं तरीही त्याच दिवशी दाखवा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं तर तेही अंगावर काढायचं नाही.

घरच्यांचं राहिलं. कॉनवेच्या शेवटच्या वर्षांत तिला सगळ्यात आधार कुणाचा वाटला, तर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या बायामाणसांचा. ती त्यांना सोबतीला ठेवायची, कारण ती माणसं शांत होती आणि स्वतः छळ सोसलेली होती, दुखणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि याच बाईने त्या अंधाऱ्या खोलीत तत्त्वज्ञान लिहिलं, ते ती गेल्यावर १६९० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला लॅटिनमध्ये छापलं गेलं, लायब्निझसारख्या मोठ्या तत्त्वज्ञाने ते मानलं. त्यात तिचा एक मुद्दा असा की मन आणि शरीर जर पूर्ण वेगळे असतील तर शरीराला दुखलं की मनाला का सोसावं लागतं? "मनावर घेतेस" म्हणणाऱ्याला यापेक्षा नीट उत्तर मला अजून सापडलेलं नाही. हो, मनस्तापाने अटॅक येतो, विलिसनेही लिहिलंय, पण उन्हाने येतो तसाच तो येतो, त्याने दुखणं खोटं होत नाही.

कलेनच्या त्या पत्रांमध्ये कितीदा तरी पेशंटऐवजी नातेवाईक किंवा गावचा डॉक्टर लिहितो. माझ्याकडेही तेच, बाई खुर्चीत गप्प आणि मिस्टर सांगतात "हिला टेन्शनच फार". मी त्यांना हात करून थांबवते आणि आधी तिला बोलू देते, पण सगळीकडे असं होईल याची खात्री नाही.

तुमचं डोकं कायमचं थांबेल का, असं विचारलं नाहीत तरी सांगते. अर्धशिशीची प्रवृत्ती बहुतेक राहते, पण अटॅक कमी होतात, छोटे होतात, औषधाला ऐकायला लागतात, आणि बऱ्याच बायकांत पाळी गेल्यावर खूप कमी होतात. महिन्यात सहाचे दोन झाले तरी शाळेचे कितीतरी दिवस परत मिळतात. तेव्हा या महिन्याच्या पानावर फुल्या सुरू करा, बाजूला गोळी घेतली का, पाळी कधी, जेवण चुकलं का. कागदावर वर लिहा कधी सुरू झालं, मध्ये काय काय घेतलं, दुखतं तेव्हा नेमकं काय करता येत नाही (वर्ग घेता येत नाही, पेपर तपासता येत नाहीत, असं स्पष्ट), आणि खाली तुमचे तीन-चार प्रश्न. तो कागद मिस्टरांच्या हातात देऊ नका, खुर्चीत बसलात की फाईलच्या आधी काढा आणि तुम्ही स्वतः वाचून दाखवा.